पानावरचे मावशीचे नाव

आज जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याशी फोनवर बोललो आणि तेव्हापासून डोके तापलेले आहे. माझ्याकडे कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांच्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीची १९८५ची पहिली आवृत्ती आहे. टोरांटोच्या मॅक्लेलँड अँड स्टुअर्टने काढलेली, म्हणजे १९८६च्या अमेरिकी आणि ब्रिटिश आवृत्त्यांच्याही आधीची, आणि तीवर लेखिकेची स्वाक्षरी आहे. विकायची नव्हतीच, घरातल्या वस्तूंच्या विम्यासाठी किंमत हवी होती. फोटो पाहून ते गृहस्थ म्हणाले, "सहीच्या वर कोणा बाईचे नाव आहे, त्यामुळे भाव उतरतो. नुसती सही हवी होती."

ते नाव माझ्या मावशीचे आहे. ती टोरांटोला नर्स होती. रात्रपाळी संपवून ती तशीच रांगेत जाऊन उभी राहिली आणि लेखिकेने नाव विचारले तेव्हा तिने ते एकेक अक्षर सुटे करून सांगितले.

बाजाराचा नियम तोच आहे, हे मान्य. पण नाव एखाद्या प्रसिद्ध माणसाचे असते तर हाच भाव चढला असता, हेही त्यांनीच सांगितले, आणि तिथे माझा संयम सुटला. ज्या कादंबरीत बायकांना वाचायची बंदी आहे, जिथे निवेदिकेचे स्वतःचे नाव काढून घेऊन तिला 'ऑफ्रेड', म्हणजे फ्रेडची, एवढीच ओळख उरू दिली आहे, त्या कादंबरीच्या पानावर एका बाईचे पूर्ण नाव शाईने लिहिलेले असणे हा दोष कसा ठरतो?

जॉर्ज ऑर्वेलची गोष्ट वेगळी. त्याची '१९८४' ही कादंबरी जून १९४९मध्ये आली आणि जानेवारी १९५०मध्ये तो गेला. त्याने सही केलेली प्रत मिळणेच दुर्मीळ, तिथे कोणी कितीही मोजावे. पण अमेरिकी लेखक कॉर्मॅक मॅकार्थीने आपल्या 'द रोड' या कादंबरीच्या २५० प्रतींवर सह्या केल्या त्या आपल्या मुलासाठी, आणि त्याच्यासाठीच राखून ठेवल्या. सही कोणासाठी तरी केलेली असते, एवढे तरी या धंद्यातल्या माणसांनी समजून घ्यावे.

आता जरा शांत झालो आहे. मघाशी पुस्तक पुन्हा काढले. वेष्टणाची कड फाटली आहे, समासात मावशीने अडलेल्या शब्दांचे अर्थ पेन्सिलीने मराठीत लिहिले आहेत, आणि तिच्या नावातले शेवटचे अक्षर किंचित पसरले आहे. शाई वाळायच्या आत तिने पुस्तक मिटले असावे.

तुमच्यापैकी कोणाकडे अशी नाव घातलेली प्रत असेल तर त्या पानाचा फोटो खाली टाका.