बाक कुणाचा? हे मुलांनाच ठरवू द्या

दिवाळी झाली की नवी मुंबईतल्या शाळांमध्ये वर्षाच्या मध्येच नवी मुलं दिसायला लागतात. कुणाचे आईवडील टॉवरच्या साइटवर लागलेले असतात, कुणी मराठवाड्यातून आलेलं असतं, कुणी उत्तर प्रदेशातून. पनवेल-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर तर याच पट्ट्यातली कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट जातात. म्हणजे बाहेरून आलेला तो परप्रांतीयच, असंही काही नाही. शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. पण त्या मुलाला शेजारी बसू द्यायचं की नाही, हे शेवटी वर्गातली पोरंच ठरवतात. तिथे कायदा पोचत नाही आणि मूल्यशिक्षणाचा तासही पोचत नाही. तिथे नाटक पोचतं, हे मी अनुभवाने सांगतोय.

नाटक म्हणजे स्नेहसंमेलनातलं नव्हे. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआलने रुजवलेलं फोरम थिएटर. १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने त्याला अटक केली, छळ केला, देश सोडायला लावला. पुढे अर्जेंटिना, पेरू, मग युरोप, अशी बरीच वर्षं त्याची परक्या मुलखात गेली. या पद्धतीत आधी एक छोटा प्रसंग करून दाखवतात, आणि तो मुद्दाम वाईट वळणावर संपतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. आता बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून आत यायचं, एका पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं वागून बघायचं. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेला ‘जन संस्कृती’ हा गट खेड्यापाड्यांत हे करतोय.

कोपरखैरणेत एका शाळेत आम्ही सहावीच्या मुलांबरोबर हे केलं. प्रसंग साधा. नवी मुलगी वर्गात येते, बाकावर जागा आहे, पण तिथे दप्तर ठेवलेलं. ती उभीच राहते.

पहिला मुलगा उठला तो थेट दप्तरवाल्याला ढकलायला. टाळ्या पडल्या. ‘आणि उद्या मधल्या सुट्टीत काय होईल?’ असं विचारल्यावर मुलंच म्हणाली, तिलाच मार पडेल. दुसरीने ‘आपण सगळे भारतीय आहोत’ वगैरे छान भाषण केलं. भाषण संपलं तरी नवी मुलगी उभीच.

मग एक मुलगी दप्तरवाल्याच्या जागी येऊन बसली आणि दप्तर हलवायला साफ नाही म्हणाली. ‘आमच्या आजोबांची जमीन गेली. आता बाक पण आम्हीच द्यायचा?’

बाई तिला गप्प करायला पुढे आल्या, आम्ही त्यांना थांबवलं. तिचं काय चुकलं होतं? १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर बसलं. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातूनच, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत मिळण्याचा हक्क मिळाला. ज्या घरात हे रोज ऐकायला मिळतं, तिथल्या मुलीला ‘मन मोठं कर’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

नव्या मुलीचं काम करणारीने तिला विचारलं, ‘मग मी कुठे बसू?’ ती बराच वेळ गप्प होती. मग दप्तर मांडीवर घेत म्हणाली, ‘बस. पण खिडकीकडची जागा माझी.’

मला विचाराल तर स्वागत असंच असतं. आधीच्याचाही हक्क राहतो आणि नव्याला बसायलाही मिळतं. हा तोडगा आम्हा मोठ्यांपैकी कुणाला सुचला नव्हता.

म्हणून शाळांना कळकळीने सांगणं आहे. नव्या मुलाकडून नव्याचंच काम करून घेऊ नका, त्याला त्याची कहाणी चारचौघांत सांगायला लावू नका. त्याला दप्तरवाला होऊ द्या, बाई होऊ द्या. आणि शेवटी माइक घेऊन बरोबर उत्तर सांगू नका, त्याने सगळ्यावर पाणी पडतं. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तेव्हा वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातले विषय स्वतःच मांडले. मोठ्यांनी तेवढा भरवसा टाकला की मुलं कुठवर जातात, हे ठाणेकरांनी पाहिलंय.

‘अशाने मराठीचं काय होणार?’ असं एका पालकांनी विचारलं. काळजी रास्त आहे, मलाही ती आहे. पण त्याच तासाला एक मुलगा त्या नव्या मुलीला ‘सरक ना जरा’ कसं म्हणायचं ते शिकवत होता, कारण नाटकात तिला ते म्हणायची गरज पडली होती. शेजारी बसायला मिळालं तर मूल पटकन मराठी बोलायला लागतं. मागच्या कोपऱ्यात एकटं बसवलं तर वर्षभरातही लागेलच असं नाही.

याला खर्च काही नाही. सलग दोन तास आणि बाक बाजूला सारलेला एक वर्ग लागतो. फक्त ते जूनमध्ये उरकू नका, दिवाळीनंतर करा. मुलं येतात ती तेव्हा.