‘बँकेतली ठेव सरकार खाणार’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरात पूर्व भागातील यंत्रमाग कारखानदारांच्या आणि नव्या पेठेतील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश पुन्हा फिरू लागला आहे. त्याचा मथितार्थ असा: बँक बुडाली की पाच लाखांपलीकडचा पैसा कायद्यानेच बुडतो, नव्या कायद्याने बँका ठेवींचे शेअर करून स्वतःला वाचवणार आहेत, सायप्रसमध्ये तसे झालेच आहे, प्रगत देशांत मात्र सगळी ठेव सुरक्षित असते, अमेरिकेने २०२३ मध्ये शेवटच्या डॉलरपर्यंत पैसे दिले, बँक दिवाळखोरीत गेली की ठेवीदार रांगेत शेवटी उभा राहतो, खासगी विमा कंपनी बुडाली की पॉलिसीची रद्दी होते, आणि म्हणून शहाण्याने पैसे काढून ओळखीच्या पतसंस्थेत ठेवावेत, तिथे व्याजही जास्त मिळते. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच संदेश पटतो. मात्र त्याचा शेवटचा सल्ला मानणारा माणूस विम्याचे संरक्षण असलेल्या जागेवरून उठून ते नसलेल्या जागी जाऊन बसतो.

पाच लाखांच्या विधानापासून सुरुवात करू. बँकेच्या ठेवींचा विमा उतरवणारे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ एका बँकेतील एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून जास्तीत जास्त पाच लाख रुपये देते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्याआधी १९९३ पासून ती एक लाख होती आणि १९६२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा केवळ दीड हजार. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराच्या खात्यातून तो कापता येत नाही. महत्त्वाचे हे की ही मर्यादा महामंडळ किती देईल याची आहे; बँकेचे ठेवीदाराला असलेले देणे तेवढ्यावर संपत नाही. समजा, मुद्दल ४ लाख ८० हजार आणि साचलेले व्याज ३५ हजार असेल, तर पाच लाख महामंडळ देईल आणि उरलेल्या १५ हजारांचा दावा अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कायम राहील. तो दावा फळाला येईलच असे मात्र कोणी समजू नये, कारण वसुलीतून महामंडळाचे पैसे आधी परत करावे लागतात आणि अवसायनाला वर्षानुवर्षे लागतात. मोठ्या ठेवीदाराची काळजी खरी आहे, पण ‘कायद्यानेच बुडतो’ हे विधान खरे नाही.

या बाबतीत सोलापूरकरांना दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. येथील लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले होते की सुमारे ९९ टक्के ठेवीदार आपली संपूर्ण ठेव महामंडळाकडून मिळण्यास पात्र आहेत. त्याहून महत्त्वाचा बदल संदेशात कुठेच नाही. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत किंवा विलीनीकरण होईपर्यंत महामंडळ एक पैसाही देत नसे, आणि निर्बंधांखालील बँकेचा ठेवीदार अधांतरी लटकत असे. महामंडळाच्या कायद्यात १ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम १८-अ आणले. त्यानुसार निर्बंध लागल्यावर बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी द्यायची, महामंडळाने ३० दिवसांत ती तपासायची आणि पुढच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे, असे एकूण ९० दिवस ठरले. विलीनीकरणाची शक्यता असेल तर रिझर्व्ह बँक आणखी ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते.

आता ‘नव्या कायद्या’कडे वळू. असे विधेयक आले होते हे खरे. वित्तीय निराकरण आणि ठेव विमा विधेयक ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि त्याच्या ५२ व्या कलमात बेल-इनची, म्हणजे बँकेची देणी कमी करून किंवा त्यांचे भांडवलात रूपांतर करून तिला सावरण्याची तरतूद होती. परंतु विमा असलेली रक्कम त्यातून वगळली होती, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतले. इतक्या वर्षांनंतरही ते ‘येणार’ म्हणून फिरत आहे. गंमत अशी की ज्याची भीती घातली जाते त्याच्या जवळ जाणारी गोष्ट जुन्याच कायद्याखाली घडून गेली आहे आणि संदेश लिहिणाऱ्याला तिचा पत्ता नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे ४५ वे कलम विलीनीकरणाच्या योजनेत ठेवीदारांचे हक्क कमी करण्याचीही मुभा देते. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे प्राधान्य शेअरमध्ये आणि उरलेल्या २० टक्क्यांचे वॉरंटमध्ये, म्हणजे पुढे शेअर घेण्याच्या हक्कात, रूपांतर झाले. वैयक्तिक ठेवीदारांना पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळायची आहे. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला मात्र तिथेही कात्री लागली नाही. उलट येस बँकेत मार्च २०२० मध्ये पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा काही दिवस लागली आणि उठली, तर लक्ष्मी विलास बँक त्याच वर्षी नोव्हेंबरात डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. दोन्हीकडे ठेवीदारांचा रुपयाही बुडाला नाही, बुडाले ते रोखेधारक. येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-वन रोखे, म्हणजे बँकेच्या भांडवलात धरले जाणारे जोखमीचे रोखे, शून्य करण्यात आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय रद्द ठरवल्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

सायप्रसची कथाही अर्धीच सांगितली जाते. मार्च २०१३ मध्ये तिथल्या सरकारने एक लाख युरोंच्या आतील ठेवींवरही ६.७५ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आणला होता, पण संसदेने तो फेटाळला. त्यानंतर बँक ऑफ सायप्रसमधील एक लाख युरोंवरील ठेवींपैकी ४७.५ टक्के रकमेचे शेअर झाले, आणि लायकी बँक बंद करण्यात आली. या गोंधळानंतर युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने नियम लिहून काढला: बेल-इन करायचे झाल्यास पहिला फटका भागधारकांना, मग रोखेधारकांना, आणि एक लाख युरोंपर्यंतच्या विमाधारी ठेवीला अजिबात नाही. सायप्रसचे उदाहरण देऊन सामान्य ठेवीदाराला घाबरवणाऱ्यांनी हा पुढचा भाग वाचलेला दिसत नाही.

‘प्रगत देशांत सगळी ठेव सुरक्षित’ हे विधान त्याहून कच्चे आहे. अमेरिकेत विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ रोजी बंद झाली आणि दोनच दिवसांनी सरकारने एकूण व्यवस्थेला धोका असल्याच्या कारणास्तव कायद्यातील अपवाद वापरून सर्व ठेवी भरून देण्याचे जाहीर केले. तो अपवाद होता, नियम नव्हे. २००८ मध्ये इंडीमॅक बँक बुडाली तेव्हा मर्यादेवरच्या रकमेपैकी निम्मीच ठेवीदारांना सुरुवातीला मिळाली होती. ब्रिटनमध्ये ८५ हजार पौंडांची मर्यादा डिसेंबर २०२५ पासून १ लाख २० हजार झाली आहे. आपले पाच लाख या आकड्यांपुढे तोकडे आहेत आणि मर्यादा वाढवण्याची मागणी रास्त आहे, हे मी मानतो. पण मर्यादाच नाही असा देश दाखवायला हे पुरावे उपयोगाचे नाहीत.

दिवाळखोरीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता बँकांना लागू होत नाही. २०१९ च्या नियमांनी ५०० कोटी व त्याहून अधिक मालमत्तेच्या बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना तिच्या कक्षेत आणले आणि डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचे प्रकरण त्यातील पहिले ठरले. तिथल्या मुदत ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळाले नाहीत, ही गोष्ट खरी आहे. पण ती कंपनीतील ठेव होती, बँकेतील नव्हे, आणि तिला ठेव विमा नव्हताच.

विम्याबद्दलच्या विधानामागे एक खरी गोष्ट आहे. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसींना १९५६ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने केंद्र सरकारची हमी आहे, खासगी कंपन्यांच्या पॉलिसींना नाही. ब्रिटनमध्ये असते तशी पॉलिसीधारकांना भरपाई देणारी योजनाही आपल्याकडे नाही. पण म्हणून पॉलिसीची रद्दी होत नाही. प्रत्येक कंपनीला देणी भागवण्यासाठी नियमाने ठरलेल्या किमान जादा मालमत्तेच्या दीडपट मालमत्ता राखावी लागते, आणि कारभार घसरला तर नियामक प्रशासक नेमून व्यवसाय दुसरीकडे सोपवू शकतो. सहारा लाइफवर २०१७ मध्ये प्रशासक आला आणि २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी एसबीआय लाइफकडे वर्ग झाल्या.

राहिला पतसंस्थेचा सल्ला, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. ठेव विमा व्यापारी बँकांना, नागरी सहकारी बँकांना आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालील पतसंस्थेला तो नाही, बहुराज्य पतसंस्थेलाही नाही, आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. पतसंस्थांनी सोलापुरात उपयोगाचे काम केले आहे हे नाकारण्याचे कारण नाही. विडी कामगार बाईच्या दारात रोज जाऊन पिग्मीचे पन्नास रुपये घेणारा माणूस सहसा पतसंस्थेचाच असतो, मोठ्या बँकेचा नसतो. परंतु पाच लाखांच्या मर्यादेला घाबरून विम्याची मर्यादा शून्य असलेल्या ठिकाणी पैसे नेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय. ज्याची रक्कम पाच लाखांहून मोठी आहे त्याला ती दोन-तीन बँकांत विभागता येते, कारण मर्यादा प्रत्येक बँकेसाठी स्वतंत्र मोजली जाते; एकाच बँकेच्या दोन शाखांतील ठेवी मात्र एकत्र धरल्या जातात. पतसंस्था बुडाल्यास ठेवीदाराच्या हाती उरतो तो १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, ज्याखाली गुन्हा नोंदतो, संचालकांची मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयापुढे लिलावाचा अर्ज येतो आणि वसूल होईल त्या प्रमाणात वाटप होते. नव्वद दिवसांत अमुक रक्कम मिळेलच, असा हक्क त्या कायद्यात कुठेही नाही.