‘डेटाला रंग नसतो’ हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी

अमेरिकेला एमएससाठी निघालेल्या भाच्याने हा मेसेज खरा मानून मला पाठवला. त्याच्या बॅचच्या ग्रुपवर तो फिरतोय, म्हणून इथे सगळ्यांसमोर उत्तर देतोय. मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेत कृष्णवर्णीयांची वेगळी कॉलेजं आहेत, गोऱ्यांना तिथे प्रवेशच नाही, आता डेटा सायन्सच्या नावाने त्यांना कोट्यवधी डॉलर वाटतात, दर्जा शून्य, डेटाला रंग नसतो, मग डेटा सायंटिस्टचा रंग कशाला बघायचा, ज्याला शिकायचंय तो यूट्यूबवर फुकट शिकेल.

प्रवेशाचं आधी उरकतो, कारण ते सरळ खोटं आहे. एचबीसीयू (हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज) हे या कॉलेजांचं अधिकृत नाव; म्हणजे १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांचं शिक्षण हे मुख्य उद्दिष्ट असलेल्या संस्था; ही व्याख्या १९६५ च्या कायद्यातली. २०२२ मध्ये तिथले २४ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय नव्हते. दारं बंद ठेवली होती ती इतरांनी, म्हणून तर ही कॉलेजं काढावी लागली.

आता ‘डेटाला रंग नसतो’. सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला पडतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही हेच वाक्य करतं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे, हे ठरवणारी एक प्रणाली अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरात होती. तिला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. मग गडबड झाली कुठे? ती आजाराचा अंदाज बांधतच नव्हती, पुढच्या वर्षीच्या खर्चाचा बांधत होती. जुनाट आजार तेवढेच असले तरी कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सरासरी १,८०१ डॉलर कमी खर्च व्हायचा, कारण उपचारच त्याच्यापर्यंत कमी पोचायचे. बिल लहान, म्हणून प्रणालीच्या लेखी माणूस धडधाकट. हा दोष काढला तर जादा देखभालीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातं.

पटत नसेल तर स्वतः करून बघा. अभ्यासकांनी मूळ नोंदींवरून बनवलेला कृत्रिम डेटा खुला ठेवलाय. प्रणालीने दिलेल्या जोखमीच्या गुणांनुसार रुग्णांचे शंभर गट पाडा, प्रत्येक गटात दोन्ही वंशांच्या जुनाट आजारांची सरासरी काढा, दोन रेषा आखा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या दहा-बारा ओळींचं काम आहे. गुण सारखे, तरी कृष्णवर्णीयांची रेषा वर दिसेल. तीच कृती खर्चावर करा, रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतील. म्हणजे नेहमीच्या अचूकतेच्या चाचणीत ही प्रणाली पास होते! ‘खर्च म्हणजे आजार का?’ हा प्रश्न मॉडेल बांधण्याआधी विचारावा लागतो, आणि बिल लहान का राहतं हे घरच्यांच्या अनुभवातून ठाऊक असलेला माणूस तिथे बसलेला असला तर तो विचारला जाण्याची शक्यता वाढते.

डेटातून असे प्रश्न विचारण्याचं हे काम अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत नवं नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यु बॉइस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कृष्णवर्णीयांची जमीन, साक्षरता, व्यवसाय यांचे साठेक तक्ते हाताने रंगवले होते. त्याच शहरातल्या कॉलेजांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन डेटा सायन्सचा उपक्रम सुरू केला. २०२२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडून १ कोटी डॉलर मिळाले. २०२७ पर्यंत डेटा सायन्सची पात्रता मिळवणाऱ्या कृष्णवर्णीयांची संख्या किमान २०,००० नी वाढवायची, हे उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं.

दर्जा? आपल्याकडे स्टॅटिस्टिक्सचे विद्यार्थी जे राव-ब्लॅकवेल प्रमेय शिकतात, त्यातला डेव्हिड ब्लॅकवेल यांचा १९४७ चा शोधनिबंध ते हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्याच विद्यापीठात शिकवत असतानाचा आहे. एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: यातल्या बऱ्याच कॉलेजांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे आणि डेटा सायन्सचा स्वतंत्र विभागही नाही. पण मग पैशांचा हिशेबही पूर्ण मांडा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली: कृष्णवर्णीयांच्या लँड-ग्रँट (शेती-तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदतीवर उभ्या) विद्यापीठांना त्याच राज्यांतल्या इतर लँड-ग्रँट विद्यापीठांच्या तुलनेत १९८७ ते २०२० या काळात १,२०० कोटी डॉलरहून जास्त कमी मिळाले. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचे २१० कोटी. त्यापुढे १ कोटीला ‘वाटप’ म्हणायचं?

राहिलं यूट्यूब. तिथला सरावाचा डेटा बहुधा धुऊनपुसून दिलेला असतो. खऱ्या फायलीत उत्पन्नाच्या रकान्यात -९९९ असतं (म्हणजे माहिती नाही), एकाच दवाखान्याचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, सरासरी भलतीच येते आणि एकटा शिकणारा नेमका इथे सोडून देतो. म्हणून नव्या विभागाची वाट न बघता जीवशास्त्र, समाजशास्त्र यांच्या चालू अभ्यासक्रमातच तीन-चार आठवड्यांचा डेटाचा भाग घालणं हा व्यवहार्य मार्ग आहे. नोटबुक (कोड लिहून चालवायचं पान) ब्राउझरमध्ये चालतं, महागडा लॅपटॉप लागत नाही. आधी शिक्षक तयार करावे लागतात आणि त्या सत्रात त्यांचा एक वर्ग कमी करावा लागतो, नाहीतर त्यांना तयारीला वेळच उरत नाही. आणि तयार करायचे ते किमान दोन, वेगवेगळ्या विभागांतले. एकच असला आणि तो कंपनीत गेला, की अभ्यासक्रम त्याच वर्षी बंद पडतो.