गिधाडं टॉवरमुळे गेली? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या गटांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइल टॉवरच्या लहरींनी गिधाडं मेली; उरली ती अभयारण्यांत सुखरूप आहेत; नाहीतरी ती रोगराईच पसरवायची, आता त्यांचं काम कुत्री-कावळे करतात; आणि ज्या औषधाचं नाव घेतात ते 2006 सालीच बंद झालंय. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. मी रावेर तालुक्यातला. लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेरच्या माळावर ओढून टाकायचे, आणि बघता बघता आभाळातून गिधाडं उतरायची. संध्याकाळी हाडं तेवढी उरलेली असायची. हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी टॉवर. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 ला झाला, तोही कोलकाता ते दिल्ली. सातपुड्याच्या पायथ्याला टॉवर यायला पुढे बरीच वर्षं लागली. गिधाडं मात्र नव्वदच्या दशकातच कोसळत होती. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी ती घट तेव्हाच नोंदवली. शिवाय लहरींनीच मारलं असेल, तर त्याच आभाळातल्या घारी कशा राहिल्या? घारी तर टॉवरवरच घरटी करतात.

खरं कारण 2004 साली जगासमोर आलं. पाकिस्तानातल्या पंजाबात संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडून तपासली. ज्यांच्या आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढला होता, त्या 25 पैकी 25 गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं. तसा थर नसलेल्या 13 पैकी एकातही सापडलं नाही. गुरांना ताप आला, कास सुजली, बैल लंगडला, की सर्रास टोचलं जायचं तेच हे इंजेक्शन. टोचलेलं जनावर लगेच मेलं तर औषध मांसात राहतं, आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होऊन तो पांढरा थर चढतो. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तो वाचून मी सुन्न झालो. शंभरातल्या एका मढ्यातही विष असण्याची गरज नव्हती. एवढा ऱ्हास व्हायला 130 ते 760 मढ्यांमागे एक विषारी मढं पुरेसं होतं. कारण एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो. मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं.

आता ‘अभयारण्यात सुखरूप’. वर सांगितलेलं केवलादेव हे राष्ट्रीय उद्यानच होतं, तिथेही ती वाचली नाहीत. आपलं यावल अभयारण्य घ्या. 1969 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 177 चौरस किलोमीटर. म्हणजे धरून चाला, तेरा किलोमीटर लांब आणि तेरा रुंद. उन्हं तापल्यावर वर चढलेलं गिधाड एवढं अंतर पाव तासात कापतं आणि दिवसाला शंभरावर किलोमीटर फिरू शकतं. अनेर धरण अभयारण्य तर याच्या निम्म्याहून लहान, 83 चौरस किलोमीटरच्या आतलं. जंगलात झोपणारं गिधाड जेवायला बाहेरच्या गावशिवारात येतं, आणि तिथे त्याला आपल्याच गोठ्यातलं ढोर मिळतं. वनखात्यानं कितीही राखण केली तरी सुई कुठली टोचायची हे गोठ्यातच ठरतं.

रोगराईचं म्हणणं तर अगदी उलटं आहे. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. केनियात एका प्रयोगात गिधाडांविना राहिलेली मढी संपायला जवळपास तिप्पट वेळ लागला आणि त्यांवर येणारे सस्तन प्राणीही तिपटीनं वाढले. आपल्याकडे ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. कुत्रं लचके तोडतं, उरलेलं पसरवतं आणि माणसाला चावतं. 1992 ते 2006 या काळात या वाढीव कुत्र्यांमुळे रेबीजचे सुमारे 48 हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा एक अंदाज आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासात त्याहून मोठा आकडा आहे: गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या पाच वर्षांत देशात अंदाजे पाच लाख जादा माणसं दगावली. कावळा काय, तो मऊ तेवढं टोचून उडून जातो. उकिरड्यावर दिसणारं पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाडही एकटं पुरं पडत नाही, आणि तेही नव्वदच्या सुरुवातीपासून 2003 पर्यंत देशात 80 टक्क्यांनी घटलं.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र खरं आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 साली बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानात होत्याच, आणि त्याच गुरांना टोचल्या जात राहिल्या. म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका डोसपुरतं मर्यादित करावं लागलं. ॲसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक गुरांच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं. त्यावर आणि गिधाडांना तसंच मारक असलेल्या किटोप्रोफेनवर बंदी यायला 2023 उजाडलं. निमेसुलाइड या तशाच औषधावर 2024 च्या अखेरीस आली. एक बाटली बंद झाली की दुसरी हातात, असं अठरा वर्षं चाललं.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर आमच्या काकांनी विचारलं, ‘मग गाय दुखण्यानं तळमळत असली तर तिला तसंच ठेवू का?’ अजिबात नाही, काका. डॉक्टरांना मेलोक्झिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड द्यायला सांगा; गिधाडांना ही दोन्ही चालतात. बाटलीवरचं नाव आपण स्वतः वाचा. आणि दुसरं कुठलं वेदनाशामक टोचल्यावर तीन-चार दिवसांत ढोर दगावलंच, तर ते माळावर टाकू नका. खोल खड्डा करून पुरा.