तिसरे आठ तास

परवा मावसभावाशी फोनवर बोलताना मेलबर्नमधल्या एका पाडलेल्या जुन्या पबचा विषय निघाला आणि तो सरळ म्हणाला, "अरे, एक दारूचा गुत्ता पडला, त्याचं इतकी वर्षं काय घेऊन बसलायस?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

मेलबर्नच्या कार्लटन भागात लेस्टर स्ट्रीट आणि पेल्हॅम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक दुमजली पब होता. आम्ही त्याला 'कॉर्कमन' म्हणायचो, मूळ नाव 'कार्लटन इन'. बांधलेला १८५० च्या दशकात, गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यामागे उडालेल्या झुंबडीच्या, ऐन भरात. समोर विद्यापीठाचं लॉ स्कूल, त्यामुळे गिऱ्हाईक बरंचसं वकिली शिकणारं. माझं ऑफिस तेव्हा जवळच होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी आमचं टोळकं तिथे धडकायचं. मी न पिणारा, 'लेमन लाइम बिटर्स' घेऊन बसायचो (त्यातही थेंबभर अल्कोहोल असतं, हे आईला अजून सांगितलेलं नाही). दिसायला वास्तू म्हणावी असं त्यात काही नव्हतं. लोकांनी कोपरं टेकून टेकून काउंटरची कड तेवढी पाट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

१५ ऑक्टोबर २०१६, शनिवार. विकासकांनी पोकलेन आणून पब पाडायला घेतला. परवानगी नाही, उलट महापालिकेच्या हेरिटेज ओव्हरलेमुळे (जुन्या वास्तू जपायचा नियोजनातला नियम) इमारतीला संरक्षण होतं. आठवडाभर आधीच तिथे आग लागून गेली होती. रविवार संपेपर्यंत सगळा खेळ आटोपला. सोमवारी मी ट्राममधून उतरून बघायला गेलो, तर कुंपणाच्या जाळीआड विटांचा ढीग आणि त्यातून वर आलेल्या तुळया. पुढे कळलं, त्या राडारोड्यात ॲस्बेस्टॉस होतं. आम्ही तिथे तोंडाला रुमालही न लावता उभे होतो.

आता त्या 'गुत्त्या'बद्दल. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं त्या वसाहतीत, सोनं सापडलं आणि तिची लोकसंख्या दहा वर्षांत ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. त्या पैशातून शहरात मोठमोठ्या इमारती उठल्या. जुन्या ट्रेझरीची इमारत तर सोनं ठेवायलाच बांधली, तिचा आराखडा काढणारा पोरगा होता १९ वर्षांचा! त्या इमारतींना कुणी हात लावणार नाही. पण सोन्यामागे सगळे खाणींकडे पळाले की शहरात गवंडी-पाथरवट मिळेनासे होतात आणि जे उरतात त्यांचा भाव वधारतो. २१ एप्रिल १८५६ ला मेलबर्न विद्यापीठाच्या बांधकामावरचे पाथरवट हत्यारं खाली ठेवून पार्लमेंटच्या दिशेने चालू लागले आणि दिवसाला आठच तास काम, ही मागणी त्यांनी पदरात पाडून घेतली, तीही पगार न कापता. हे विद्यापीठ पबपासून चालत काही मिनिटांवर. रसेल स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या नाक्यावर त्याचं स्मारक आहे, वर तीन आठचे आकडे: आठ तास काम, आठ तास मौज, आठ तास झोप.

कामाचे आठ तास विद्यापीठाच्या भिंतींत दिसतात. झोपेला स्मारक लागत नाही. राहिले मौजेचे, ते अशाच कोपऱ्यावरच्या पबमध्ये जात. गोल्ड रशचा पैसा कुणाकडे गेला ते ट्रेझरी सांगते; साध्या माणसाच्या पदरात संध्याकाळ पडली, हे सांगायला असले पबच उरलेत. आणि हा तर शनिवार-रविवारच्या सुट्टीत पाडला.

पब पाडणाऱ्या विकासकांना दंड झाला, सगळा मिळून दहा लाख डॉलरच्या वर. ऐकायला जबर वाटतो. पण शहराच्या ऐन वस्तीतला मोकळा प्लॉट आणि त्यावर उभे राहू शकणारे मजले यांचा हिशोब लावला, तर दंड म्हणजे प्रकल्पखर्चातली एक नोंद. पब होता तसा पुन्हा बांधून द्या, अशी मागणी झाली तेव्हा मला ती हास्यास्पद वाटली होती. नव्या विटांची जुनी इमारत म्हणजे नाटकातला सेट! आज मत बदललंय. बांधून दिलेल्या नकलेला हेरिटेज मी आजही म्हणणार नाही, पण शिक्षा म्हणून ती चोख आहे, कारण पाडून मिळणारा फायदाच उरत नाही. शेवटी तडजोडीत तिथे तात्पुरती बाग करायचं ठरलं, तीही मुदतीत झाली नाही आणि प्रकरण अवमानाच्या खटल्यापर्यंत गेलं. २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलला: बेकायदा पाडलेल्या हेरिटेज इमारतीच्या जागेवर दहा वर्षांपर्यंत बांधकाम रोखता येतं. हे खरं औषध. जमीन अडकली की अक्कल येते.

आणि हो, मावसभाऊ विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आपल्या आजोळचा वाडा आपणच सह्या करून बिल्डरला दिला. रीतसर दिला, संडास सामायिक होता, पावसाळ्यात माडी गळायची, आजीला जिना चढवत नव्हता. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या दिंडी दरवाजाची पितळी कडी तुझ्या हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे. दर दिवाळीला वहिनी ती चिंचेने घासते. ती का ठेवलीयस, तेवढं मला सांग.