सीडी-फोर ५००च्या वर गेला म्हणून गोळ्या थांबवू नका

‘सीडी-फोर ५००च्या वर गेला की टी-सेल्स भरल्या. एचआयव्हीच्या गोळ्या बंद करा, गुळवेलीचा काढा घ्या. गोळ्यांनी किडनी जाते. कित्येक जण गोळ्यांशिवाय ठणठणीत आहेत.’ हा मेसेज लालबाग-परळच्या ग्रुपांवर फिरतोय आणि तो वाचून आमच्या जवळच्या एका घरात गोळ्यांची बाटली कपाटात गेली आहे.

‘टी-सेल्स भरल्या’ हेच सगळ्यात घातक. टी-सेल्स म्हणजे टी-पेशी, जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. सीडी-फोर म्हणजे त्यांच्यातल्या एका प्रकारच्या पेशींची, रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधली नुसती डोकी. त्यातल्या कुणाला काय ओळखता येतं, हे तो आकडा सांगत नाही. एक टी-पेशी जंतूंच्या प्रथिनांचे ठरावीक आकाराचेच तुकडे ओळखते. शरीरात अशा पेशींचे कोट्यवधी वाण असतात, म्हणून टीबी असो की बुरशी, ओळखणारं कुणीतरी निघतं. एचआयव्हीमुळे यातले काही वाण पार विरळ होतात, काही नाहीसे होतात. उपचारानंतर आकडा चढतो तो आधी उरलेल्या जुन्या पेशींच्या जोरावर. नवे वाण छातीतल्या थायमस ग्रंथीतून येतात, आणि ती वयाबरोबर आटत जाते. भोकं राहतात, रिपोर्टवर ती दिसत नाहीत.

हे माणसांवर तपासून झालंय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ जण होते, सगळ्यांचा सीडी-फोर ३५०च्या वर. एका गटाने गोळ्या थांबवल्या आणि आकडा २५०च्या खाली गेल्यावरच पुन्हा घ्यायच्या ठरवल्या. त्या गटात १२० जणांना संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खालावली की गाठणारा आजार) झाला किंवा मृत्यू आला; गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत ४७. गोळ्या थांबवायचा तो प्रयोग मध्येच बंद करावा लागला.

किडनीचं उत्तरही तिथेच आहे. हृदय, किडनी, यकृताचे गंभीर आजारही गोळ्या थांबवणाऱ्यांतच जास्त झाले. या गोळ्यांतलं टेनोफोविर हे औषध काहींच्या किडनीला त्रास देतं, खरंय; म्हणून तर किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात.

काढ्याबद्दल एवढंच: नुसता आकडा वाढवून भागत नाही. टी-पेशी वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या प्रथिनाची इंजेक्शनं देऊन सीडी-फोर खरोखर वाढवला गेला, पण २००९मध्ये निकाल आले तेव्हा आजार आणि मृत्यू कमी झालेले नव्हते.

गोळ्यांशिवाय विषाणू दबून राहणारे लोक आहेत, हे मान्य करावंच लागेल. पण शंभरात एकही भरत नाही. त्यांच्यात बऱ्याचदा एचएलए-बी ५७ किंवा बी २७ ही जनुकं सापडतात. २०१०मधल्या एका संशोधनाची मांडणी अशी: बी ५७ शरीराचे स्वतःचे तुकडे कमी दाखवतं, म्हणून स्वतःच्याच तुकड्यांवर उलटणाऱ्या टी-पेशी काढून टाकणाऱ्या थायमसमधल्या चाळणीत कमी टी-पेशी बाद होतात आणि विषाणूने तुकडा थोडा बदलला तरी ओळखणारे वाण शिल्लक राहतात. ही जनुकं असूनही सगळे तरत नाहीत. आणि ती काढ्याने मिळत नाहीत. शिवाय गोळ्यांमुळे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दबलेला असताना आपण त्या मोजक्यांतले आहोत, हे सीडी-फोरवरून कळूच शकत नाही.

गोळ्या थांबवल्या असतील तर विषाणू बहुतेकांत काही आठवड्यांत परततो. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर यकृताचा दाह एकदम उसळू शकतो, कारण गोळ्यांतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं तो विषाणूही दाबून ठेवत असतात. केईएम, सायन, नायर, जेजे, जिथे नाव असेल त्या एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर) उद्याच जा. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका. कोणत्या तारखेपासून बंद आहेत ते काउन्सेलरला खरं सांगा, आणि बाटली उरलेल्या गोळ्यांसकट सोबत न्या.