होतकरू हुकूमशहाने लेखकाचे काय करावे

सैन्य, खजिना आणि हेरखातं ताब्यात घ्यायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. तेवढं कळतं म्हणून तर तुम्ही गादीपर्यंत पोचलात. पण तुमच्याहून कितीतरी मोठे लोक चौथ्याच गोष्टीला अडखळून पडले आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे लेखक. हा प्राणी दिसायला अगदीच किरकोळ. बहुधा कर्जबाजारी, प्रकृतीने तोळामासा, फौज नाही की फाटा नाही. म्हणून सत्ताधीश एकतर त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, नाहीतर नको इतकं बघतात. दोन्ही अंगाशी येतं. तेव्हा राज्यारोहणाच्या गडबडीतून थोडा वेळ काढा आणि पूर्वसूरींची दफ्तरं नजरेखालून घाला.

पुस्तकं जाळायचा विचार आधी डोक्यातून काढा. चीनच्या पहिल्या सम्राटाने, छिन श-हुआंगने, इ.स.पू. २१३ मध्ये तो करून पाहिला. वैद्यक, शकुनविद्या आणि शेतीची पुस्तकं त्याने वगळली होती, म्हणजे माणूस अगदीच अव्यवहारी नव्हता. तीन वर्षांनी तो गेला, त्यामागोमाग घराणंही गेलं, आणि जळालेल्या म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथांतले काही विद्वानांनी भिंतीच्या पोकळीतून आणि आठवणीतून पुन्हा बाहेर काढले. तटबंदी बांधायला आणि मातीचे सैनिक घडवायला त्याला लाखो माणसं राबवावी लागली. होळीला एक फर्मान पुरलं. आज नाव निघालं की लोक तिन्ही गोष्टी एका दमात सांगतात.

हद्दपारी स्वस्त वाटते, पण तिचा हिशेब लांबतो. रोमच्या ऑगस्टसने इ.स. ८ मध्ये ओव्हिड या कवीला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस नावाच्या गावी धाडलं. एक कविता आणि एक चूक, एवढंच कारण ओव्हिडने लिहून ठेवलं. चूक कोणती ते त्याने कधीच सांगितलं नाही, त्यामुळे पंडितांच्या कित्येक पिढ्यांची सोय झाली. कवी परत आला नाही, पण तिथून पद्यात पत्रं पाठवत राहिला आणि ती अजून वाचली जातात. डिसेंबर २०१७ मध्ये रोमच्या नगर परिषदेने ही हद्दपारी रद्द केल्याचा ठराव केला. बैल गेला आणि झोपा केला म्हणून हसू नका. जगज्जेत्या सम्राटाचा हुकूम शेवटी नगरसेवक हात वर करून फिरवतात, हा त्यातला तुमच्या कामाचा भाग आहे. (याच ऑगस्टसने व्हर्जिलचं महाकाव्य मात्र, खुद्द कवीची तशी इच्छा असूनही, जाळू दिलं नाही. त्यात ऑगस्टसची स्तुती होती, हा योगायोग समजावा.)

हद्दपारच करायचं असेल तर निदान पत्र चांगलं लिहा. नेपोलियनच्या पोलीसमंत्र्याने १८१० मध्ये मादाम द स्ताल या लेखिकेला पाठवलेलं पत्र नमुन्यादाखल जपून ठेवण्यासारखं आहे. बाईंनी जर्मनीवर पुस्तक लिहिलं होतं. सगळं छापून तयार होतं आणि सम्राटाचं नाव कुठेच नव्हतं. मंत्री लिहितो की आपल्याला देशाबाहेर जायला सांगितलं त्याचं कारण आपण सम्राटांबद्दल बाळगलेलं मौन हे आहे असं कृपया समजू नये, त्यांना शोभेल अशी जागा त्या पुस्तकात नव्हतीच. आणि मला असं वाटलं की इथली हवा आपल्याला मानवत नाही. केवढी ही काळजी! छापलेल्या प्रतींचा लगदा करण्यात आला. १८१३ मध्ये पुस्तक लंडनमध्ये निघालं, आणि पुढच्याच वर्षी हवापालटासाठी एल्बा बेटावर कोण गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच्या पुतण्याने, तिसऱ्या नेपोलियनने, तर हद्दीबाहेरची चूक केली. त्याने लेखकाला मोकळा वेळ दिला. व्हिक्टर ह्यूगो पॅरिसमध्ये असताना एक लांबलचक कादंबरी लिहीत होता. १८४८ ची क्रांती झाली, तो लोकप्रतिनिधी झाला, सभा, भाषणं, समित्या सुरू झाल्या आणि कादंबरी फडताळात जाऊन पडली. देवाने इतकी सोय करून दिली होती! पण १८५१ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने सत्ता बळकावली, ह्यूगोला देश सोडावा लागला आणि अखेर तो गर्न्झी बेटावर जाऊन राहिला. समोर समुद्र, कुणाचं येणं नाही की जाणं नाही. १८५९ मध्ये माफी जाहीर झाली, ती त्याने घेतली नाही. घेईल कशाला, आता कुठे हाताला वेग येत होता. फडताळातलं बाड बाहेर निघालं आणि १८६२ मध्ये ‘ले मिझराब्ल’ प्रसिद्ध झाली. एक पाव चोरला म्हणून पाच वर्षं आणि पळून जायचे प्रयत्न केले म्हणून आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षं सक्तमजुरी भोगलेल्या माणसाची ती गोष्ट. सम्राट पुढे इंग्लंडमध्ये परागंदा होऊन वारला. ह्यूगो १८८५ मध्ये वारला तेव्हा पॅरिसचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. एखादी कादंबरी पुरी होऊ नये असं मनापासून वाटत असेल, तर तिच्या लेखकाला चार समित्यांवर नेमा आणि बैठकीचा भत्ता वेळेवर द्या.

खटलेही टाळा. याच राजवटीत १८५७ साली फ्लोबेर या कादंबरीकारावर ‘मादाम बोव्हारी’साठी खटला झाला. आक्षेपार्ह उतारे सरकारी वकिलाने स्वतः, भर कोर्टात, खड्या आवाजात वाचून दाखवले. एवढी जाहिरात कोणत्या प्रकाशकाला परवडते? फ्लोबेर निर्दोष सुटला आणि पुस्तक हातोहात खपलं.

झार पहिला निकोलस याचं प्रकरण मात्र सावकाश वाचा. या विद्येत इतका कष्टाळू विद्यार्थी दुसरा झाला नाही. १८२६ मध्ये त्याने पुश्किनला बोलावून सांगितलं की यापुढे तुझ्या लिखाणाचा परीक्षक मी. एवढं अवाढव्य साम्राज्य, त्यातल्या फौजा, तुर्कस्तान, पोलंड, आणि हा गृहस्थ हातात पेन्सिल घेऊन कविता तपासतोय! १८३३ मध्ये त्याच्याकडे एक दीर्घकविता आली. सेंट पीटर्सबर्ग वसवणाऱ्या पीटर द ग्रेटचा घोड्यावरचा पुतळा. १८२४ च्या महापुरात ज्याची होणारी बायको वाहून गेली असा एक गरीब कारकून. तो भ्रमिष्ट होऊन एका रात्री पुतळ्यासमोर मूठ उगारतो आणि ब्राँझचा घोडा टापा वाजवत रात्रभर त्याच्या मागे धावतो. पराक्रमी नेत्याने दलदलीत राजधानी बांधायची ठरवली, तर पाणी कुणाच्या घरात शिरतं, एवढाच त्या कवितेचा प्रश्न. झारने महापुराबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुतळ्याला कवीने ‘मूर्ती’ म्हटलं होतं, ते खटकलं. पुश्किनने कविता बाजूला ठेवली. ती छापून आली तो गेल्यावर, तीही बदल करून. १८३३ च्याच अखेरीस झारने त्याला दरबारातला एक हुद्दा दिला, एरवी कोवळ्या पोरांना मिळणारा. पुश्किन चौतिशीचा होता. मानाचा गणवेश चढवून पोरासोरांच्या रांगेत उभं राहायचं आणि वर आभार मानायचे! तुमच्या दरबारातल्या पुरस्कार समितीने एवढं जरी आत्मसात केलं तरी पुष्कळ.

निकोलसची सर्वोत्तम चाल १८३६ ची. गोगोलचं ‘इन्स्पेक्टर जनरल’ रंगभूमीवर आलं. आडगावातले लाचखाऊ अधिकारी एका फुटकळ पोराला वरून आलेला तपासनीस समजतात आणि रांगेने त्याच्या खिशात पैसे कोंबतात, हा त्याचा विषय. दुसरा एखादा राजा भडकला असता. हा पहिल्या प्रयोगाला जाऊन बसला, पोट धरधरून हसला, टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना बसली, मला सगळ्यांपेक्षा जास्त, असं म्हणाला म्हणे. झार हसतोय म्हटल्यावर मंत्र्यांना हसणं आलं, मंत्र्यांना पाहून सचिवांना. हसून झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळे ठरल्या वेळी लाच घ्यायला कचेरीत हजर झाले. लेखकच हबकला. त्याच उन्हाळ्यात गोगोल देश सोडून गेला, कुणी न घालवता. हुकूम नाही, पोलीस नाही, लगद्याचा खर्च नाही!

खालची माणसं मात्र इतकी तयारीची मिळत नाहीत. गोगोलची पुढची कादंबरी ‘मृत आत्मे’ मॉस्कोच्या परीक्षण मंडळासमोर गेली तेव्हाची हकिगत त्यानेच पत्रात लिहिली आहे. नाव ऐकताच अध्यक्ष ओरडले की आत्मा अमर असतो, मृत आत्मा असूच शकत नाही, हे धर्माच्या विरुद्ध आहे. त्यांना समजावण्यात आलं की इथे आत्मा म्हणजे भूदास, जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी. शिरगणतीच्या यादीत नाव शिल्लक आहे पण माणूस मेलाय, अशांची खरेदी करून त्यांच्यावर कर्ज काढणाऱ्या एका लबाडाची ही गोष्ट आहे. अध्यक्ष आणखी जोरात ओरडले, मग तर मुळीच नाही, हे भूदासपद्धतीच्या विरुद्ध आहे! एकदा चुकून बरोबर वाचलं बिचाऱ्यांनी. कादंबरी शेवटी सेंट पीटर्सबर्गच्या परीक्षकाने शीर्षक लांबवून १८४२ मध्ये सोडली.

एवढं जमवून आणल्यावर १८४९ मध्ये निकोलसचा तोल गेला. भूदासपद्धतीवर कोरडे ओढणारं एक पत्र मित्रांच्या बैठकीत मोठ्याने वाचलं, या गुन्ह्यासाठी दोस्तोयेव्स्की पकडला गेला. २२ डिसेंबरला त्याला आणि त्याच्या सोबत्यांना चौकात उभं केलं, मृत्युदंड वाचून दाखवला, पहिल्या तिघांना खांबांना बांधलं, बंदुका रोखल्या गेल्या, आणि मग झारच्या दयेचा कागद आला. नाटक आधीच ठरलेलं होतं. एकाचं डोकं तिथेच फिरलं. दोस्तोयेव्स्कीचं फिरलं नाही. तो पुढच्या तिघांत होता, त्याला सगळं नीट दिसलं. नंतर चार वर्षं सायबेरियात खुनी, दरोडेखोर आणि बेड्या यांच्या सहवासात काढली, आणि परतल्यावर त्यातून तुरुंगावरचं पुस्तक निघालं, फाशीच्या वाटेवरच्या माणसाची शेवटची मिनिटं निघाली, गुन्हा करणाऱ्याच्या मनातलं सगळं निघालं. इतकं सखोल संशोधन सरकारी खर्चाने, राहण्याजेवण्यासह! कादंबरीकाराला तुरुंगात टाकणं म्हणजे आपल्याच पैशाने त्याला शिष्यवृत्ती देणं.

आपल्याकडे इंग्रज सरकारने वेगळीच गंमत केली. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. महाभारतातली गोष्ट, उन्मत्त कीचक, अपमानित द्रौपदी, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज आणि हात शिवशिवणारा भीम. त्यात इंग्रज माणूस औषधालाही नाही. प्रेक्षकांना जे समजायचं ते समजत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली, म्हणजे कीचक कोण ते सरकारी कागदावर स्वतःच कबूल केलं. खाई त्याला खवखवे. एखाद्या पुराणातल्या दुष्टाचं वर्णन ऐकून तुमच्या मंत्र्याचे कान लाल झाले, तर बंदीच्या फायलीआधी मंत्री बदला.

मग करायचं काय? याच सरकारच्या राज्यात, त्याला फारसे कष्ट न पडता, एक नमुनेदार काम होऊन गेलं होतं. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. गरोदर बाई, तिचा कुणबी नवरा, ग्रहदशेची भीती घालून त्यांना कर्जात लोटणारा जोशी, आणि शेवटी नवराबायको शाळेत जायला निघतात. फुल्यांनी ते ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते जाळलं नाही, बंदी घातली नाही, खटला तर नाहीच. नापसंत केलं. नाटक छापून आलं १९७९ मध्ये. छिन श-हुआंगला होळी पेटवून जे साधलं नाही, ते बैठक घेऊन साधतं. सम्राट बदनाम होत नाही, कवी हुतात्मा होत नाही.

आणि लेखक आधीच मेलेला, गाजलेला, लोकांच्या तोंडी बसलेला असेल तर? मग स्टालिनकडून शिका. जिवंत कवीच्या बाबतीत त्याचाही हात कच्चाच होता. मांदेलश्ताम या कवीने त्याच्यावर सोळा ओळी रचल्या होत्या, त्या चार मित्रांना म्हणून दाखवल्या, कागदावर उतरवल्या नव्हत्या. १९३४ मध्ये पकडल्यावर तपास अधिकाऱ्याने त्या त्याच्याचकडून लिहून घेतल्या. कवितेची कवीच्या हातची प्रत अशी पोलिसांच्या कृपेने तयार झाली. १९३८ मध्ये कवी छावणीत मेला. बाकीच्या कविता बायकोने पाठ करून ठेवल्या होत्या. पण मेलेल्या पुश्किनची व्यवस्था त्याने काय चोख ठेवली! १९३७ हे पुश्किनच्या मृत्यूचं शताब्दी वर्ष. देशभर सोहळे, स्वस्त आवृत्त्या, पुतळ्यांना हार, कारखान्यांतून काव्यवाचनं, एका गावाला पुश्किनचं नाव. त्याच वर्षी, त्याच देशात, माणसं रात्री घरातून उचलली जात होती आणि कुणी मूठ उगारत नव्हतं.

तेव्हा पाठ्यपुस्तक मंडळ ताबडतोब नेमा. कारकुनाची ती कविता बिनधास्त लावा, संपूर्ण लावा, एक शब्द गाळू नका. खाली प्रश्न द्या. पुतळ्याच्या वर्णनातील अलंकार ओळखा. महापुराचे चित्र आपल्या शब्दांत रेखाटा. कारकुनाचे स्वभावचित्र दहा ओळींत लिहा, गुण पाच. त्याने मूठ का उगारली असावी हे विचारू नका. विचारलंच तर पर्यायांत द्या, आणि बरोबर उत्तर ‘अतिवृष्टीमुळे’ असं ठेवा.